मायक्रोप्लास्टिक, कीटकनाशकं आणि पेल्यातलं पाणी

निवळी (धागाकर्ती)

"मायक्रोप्लास्टिकचे कण पाण्यातली कीटकनाशकं ओढून घेतात, तीही पाण्याच्या लाखपट" अशा अर्थाची बातमी हल्ली दोन-तीन धाग्यांत येऊन गेली. दर वेळी चर्चा चार प्रतिसादांतच भलतीकडे गेली. माझं काम पाण्याच्या रसायनशास्त्रातलं आहे आणि हा विषय अर्धवट सोडू नये असं मनापासून वाटतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

लाखपट हा आकडा खरा आहे. २००१ साली टोक्योच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा आणि सहकारी यांनी जपानच्या किनाऱ्यावरून प्लास्टिकचे दाणे गोळा केले. हे दाणे म्हणजे वस्तू घडवण्याआधीचा कारखान्यातला कच्चा माल. त्यांत पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांत वापरायचे ते तेलकट रसायन) आणि डीडीई (डीडीटी हे कीटकनाशक मोडून उरतं ते) भोवतालच्या समुद्रपाण्याच्या लाख ते दहा लाख पट निघालं. दाण्यांत ते मुळातच असेल, ही शंका फेडायला त्यांनी कोरे दाणे सहा दिवस समुद्रात ठेवले. रोज थोडं थोडं प्रमाण चढत गेलं. म्हणजे ते पाण्यातूनच येत होतं.

कारण साधं आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांच्यात तेलकट रेणूला जागा नसते. पॉलिथिलीन म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या, जवळजवळ गोठलेलं मेणच. तेलकट रेणूला तिथे आसरा मिळतो. प्लास्टिकच्या डब्याला वास धरतो आणि कितीही घासला तरी जात नाही, त्यामागेही हेच आहे.

पण "कीटकनाशक" (तणनाशकंही मी यातच धरते आहे) हे काही एक रसायन नव्हे, आणि बातम्यांत नेमकं हेच सुटतं. पाण्यात किती विरघळतं त्यावरून बघा. डीडीटी एका लिटरमध्ये जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळतं. क्लोरपायरिफॉस साधारण एक मिलिग्रॅम. इमिडाक्लोप्रिड सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास. ग्लायफोसेट दहा ग्रॅमहून जास्त. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत लाखो पटींचा फरक! डीडीटी आणि सायपरमेथ्रिनसारखे रेणू प्लास्टिककडे धाव घेतात, क्लोरपायरिफॉस बऱ्यापैकी जातं, अ‍ॅट्राझिन थोडंसं, इमिडाक्लोप्रिड नावापुरतं. ग्लायफोसेटवर विद्युतभार असतो, त्याला पाणीच प्रिय. "मायक्रोप्लास्टिक ग्लायफोसेट खेचतं" असं कुणी सरसकट लिहिलं असेल तर पुढचं वाचताना सावध राहा.

प्लास्टिकही एक नव्हे. पॉलिथिलीन नेहमीच्या तापमानाला आतून मऊ असतं, साखळ्या हलत्या असतात, त्यामुळे रेणू थेट आत शिरतो. पॉलिस्टायरीन किंवा बाटल्यांचं पेट आतून काचेसारखं ताठर, तिथे बरंचसं काम पृष्ठभागावर आणि बारीक पोकळ्यांत चालतं. नायलॉनच्या साखळीत हायड्रोजन बंध जुळण्याच्या जागा असतात, म्हणून पॉलिथिलीन ज्यांना विचारत नाही असे पाण्याशी सख्य असलेले काही रेणू तो धरतो.

शिवाय वय. उन्हात पडलेल्या प्लास्टिकला भेगा जातात, पृष्ठभाग वाढतो, ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि वर जिवाणूंचा चिकट थर बसतो. कोरा पांढरा कण आणि वर्षभर नदीत लोळलेला कण यांचं वागणं एक नसतं. प्रयोगशाळेत मात्र बहुतेक वेळा कोराच कण वापरतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

अनुस्वार

छान लिहिलंय. पण मला एक उलटंच वाटतंय. प्लास्टिक जर कीटकनाशक ओढून घेत असेल तर उरलेलं पाणी स्वच्छ व्हायला हवं ना? की तोच कण आपण गिळतो म्हणून जास्त वाईट?

निवळी

@अनुस्वार, नेमका मुद्दा. दोन्ही गोष्टी आकड्यांत घालून बघू.

युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे, सगळी मिळून ०.५. समजा एका लिटरमध्ये क्लोरपायरिफॉस बरोबर ०.१ मायक्रोग्रॅम आहे. त्यात मायक्रोप्लास्टिक १० मायक्रोग्रॅम धरू, आणि प्लास्टिकमध्ये पाण्याच्या दहा हजार पट प्रमाण जमतं असं मानू. हे दोन आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, मोजलेले नव्हेत.

कणात किती प्रमाण झालं? किलोमागे एक मिलिग्रॅम. बातमीत छापला तर घाबरवणारा आकडा.

आता एकूण कीटकनाशकातलं कणांवर किती गेलं ते काढा. दहा हजारांतला एक भाग. उरलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव भाग पाण्यातच आहेत, तेही तुम्ही पिणारच आहात. प्लास्टिकने पाणी स्वच्छ केलं नाही आणि तुमच्या पोटात जाणारी मात्राही वाढवली नाही. डीडीटीसारखा चिवट रेणू घेऊन दहा हजारांऐवजी दहा लाख पट धरलं, तरी कणांवर जेमतेम एक टक्का जातो.

लाखपट हे *प्रमाण* झालं, घातक ठरते ती *मात्रा*. कण वजनाने इतके थोडे असतात की प्रमाण कितीही चढलं तरी मात्रा तळाशीच राहते. हा धागा काढण्यामागे मला मुख्य सांगायचं होतं ते हेच. कीटकनाशकाची काळजी करायची तर ती पाण्यात विरघळलेल्या कीटकनाशकाची करा.

शेवाळ

थोडं असहमत. तुम्ही वजन धरून हिशेब केलात, पण आताची खरी भीती नॅनोप्लास्टिकची, म्हणजे एका मायक्रोमीटरहूनही लहान कणांची आहे. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले, त्यांतले ९० टक्के नॅनो. आकार जितका लहान तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. मग १० मायक्रोग्रॅम वगैरे धरून कसं चालेल?

रेणुभार

शेवाळ, मी कीटकनाशकांच्या विश्लेषणाचं काम करतो. तुमचा प्रश्न कागदावर सोडवण्यासारखा आहे, सोडवूनच दाखवतो.

ते सगळे २ लाख ४० हजार कण २०० नॅनोमीटरचे गोल आहेत असं समजा. सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून होतो साधारण ३० हजार चौरस मायक्रोमीटर. आता १०० मायक्रोमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा, *एकच* कण घ्या. त्याचा पृष्ठभाग ३१ हजार. म्हणजे अडीच लाखांच्या आसपास नॅनोकण मिळून एका दिसणाऱ्या कणाची बरोबरी करतात. वजनात तर त्या एका कणाच्या पाचशेव्या भागाइतकेही भरत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. लिटरच्या बाटलीची आतली भिंत. ती साधारण सहाशे चौरस सेंटिमीटर भरते. त्या सगळ्या नॅनोकणांच्या पृष्ठभागाच्या सुमारे वीस लाख पट. बाटलीत प्लास्टिकला कीटकनाशक धरायचंच असेल तर ते भिंतीवर धरलं जाईल, तरंगणाऱ्या कणांवर नाही.

हे आम्ही रोज अनुभवतो. कीटकनाशकासाठी पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेत नाहीत, तपकिरी काचेच्या बाटलीत घेतात. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. सायपरमेथ्रिनसारखा रेणू काचेलासुद्धा चिकटतो, म्हणून पाणी ओतून घेतल्यावर रिकामी बाटली द्रावकाने विसळायची आणि ती विसळणीही अर्कात मिसळायची असा दंडक आहे. नाहीतर पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. (ग्लायफोसेटचं उलट आहे, ते काचेवर बसू शकतं, त्यासाठी प्लास्टिकची बाटली चालते.)

शेवाळ

भिंतीचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता. पण नॅनोकण पेशीत शिरू शकतात, भिंत शिरत नाही!

रेणुभार

बरोबर, आणि ती काळजी रास्त आहे. पण ती कणाच्या स्वतःच्या परिणामाची आहे. त्याच्या पाठीवर बसून किती कीटकनाशक येतं हा प्रश्न वेगळा ठेवला तर दोन्हींवर नीट बोलता येईल. त्या २०२४ च्या मोजणीत नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक बरंच निघालं होतं, आणि ते पाणी शुद्ध करायच्या गाळण्यांतून येत असावं असा त्या गटाचा कयास होता. माझ्या मते त्यातली सगळ्यांत मोलाची माहिती हीच आहे. कण कुठून येतो हे कळलं तर तो थांबवता येतो.

आडवाट

वाचतेय. पाण्याचं कळलं, पण पेयांचं काय? फळांचा रस, फेसाळ थंड पेयं, दूध, मद्य? त्यांत साखर, आम्ल, अल्कोहोल असतं. तिथे हे गणित बदलत असेल ना?

निवळी

@आडवाट, बदलतं, आणि मजेदार रीतीने बदलतं.

आधी आम्ल. २,४-डी हे तणनाशक घ्या. साध्या पाण्यात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ७ ला, त्याचे जवळजवळ सगळे रेणू ऋणभारित असतात. वीस हजारांत एखादाच भाररहित. प्लास्टिकचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच, त्यामुळे दोघं एकमेकांना लांब ठेवतात. आता पीएच ३ चं आंबट पेय घ्या. तिथे साधारण एक तृतीयांश रेणू भाररहित होतात आणि ते प्लास्टिकवर बसू शकतात. रेणू तोच, प्लास्टिक तेच, पण पेय आंबट झाल्याने वागणं पालटलं. क्लोरपायरिफॉस किंवा डीडीटीवर मुळात भारच नसतो, त्यांना या आम्लाने फारसा फरक पडत नाही.

अल्कोहोलची दिशा उलटी. ते तेलकट रेणूंना द्रवात सामावून घेतं, त्यामुळे प्लास्टिककडे जायची ओढ कमी होते. पाच टक्क्यांच्या पेयात फरक थोडा, चाळीस टक्क्यांच्या मद्यात चांगलाच. अशा मद्यात प्लास्टिकवर आधीपासून बसलेलं रसायन सुटून द्रवात यायची शक्यता जास्त. विरघळलेल्या मिठाने बरोबर याच्या उलट होतं, रेणू पाण्याबाहेर ढकलला जातो.

दुधात तर प्लास्टिकला वावच नाही. साडेतीन टक्के स्निग्धांश म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम चरबी. आपण धरलेल्या १० मायक्रोग्रॅम प्लास्टिकच्या ३५ लाख पट. तेलकट कीटकनाशक असेल ते मुकाट्याने चरबीत जातं. दुधात कीटकनाशक शोधणारे स्निग्धांश का बघतात, ते यावरून कळेल.

रसाचंही तसंच. गराचे तंतू, पेक्टिन, प्रथिनं, सगळेच दावेदार. कणावर प्रथिनांचं आवरण चढतं आणि त्याचा पृष्ठभाग कोऱ्या प्लास्टिकसारखा राहत नाही. म्हणून शुद्ध पाण्यात काढलेला आकडा रसाला लावू नये.

गरम चहाचं वेगळं लिहायला हवं. २०१९ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने प्लास्टिकच्या जाळीची एक चहापिशवी ९५ अंशाच्या पाण्यात ठेवली, तर पेल्यात ११६० कोटी मायक्रोकण आणि ३१० कोटी नॅनोकण आल्याचं मांडलं. त्या मोजणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, कारण पिशवीतून विरघळून आलेल्या प्लास्टिकच्या छोट्या साखळ्या वाळल्यावर कणासारख्या दिसू शकतात. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी एवढं नक्की की उकळत्या पाण्यात प्लास्टिक बुडवायची गरज नाही. चहाच्या पानावर कीटकनाशकाचा अंश असेल तर त्यातला पाण्यात विरघळणारा, इमिडाक्लोप्रिडसारखा, भाग पेल्यात जास्त उतरतो. तेलकट रेणू बराचसा पानातच राहतो. आणि जो सहज उतरतो त्यालाच प्लास्टिकमध्ये रस नाही!

तळ्याकाठी

सगळं वाचलं. गणिताशी माझं भांडण नाही. पण तुम्ही सगळे पेल्यापासून सुरुवात करताय आणि मला ते खटकतंय. माझं काम शेतजमीन आणि ओढ्यांच्या काठावरचं आहे. तिथून बघा.

जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद घ्या. त्यावर हंगामभर फवारणी होते. तो पॉलिथिलीनचाच, म्हणजे तेलकट कीटकनाशकाला आवडणारा. हंगाम संपल्यावर गोळा करताना त्याच्या चिंध्या होतात, मातीत मिसळतात, पावसाने ओढ्यात जातात. इथे कण पाण्यातून कीटकनाशक वेचत नाही, भरलेलाच पाण्यात उतरतो. मग कण आणि पाणी यांच्यातला समतोल धरून केलेला हिशेब कसा लागू होईल?

त्याहून स्पष्ट उदाहरण म्हणजे सूक्ष्मकुपी. काही कीटकनाशकं मुद्दाम पॉलिमरच्या बारीक कुपीत भरून विकतात, हळूहळू सुटावीत म्हणून. फवारणाऱ्याच्या दृष्टीने हे जास्त सुरक्षित, ते मला मान्य आहे. पण औषध संपल्यावर कुपीचं कवच मातीतच राहतं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात या कुप्याही धरल्या आहेत, फक्त त्यांना बदलायला बरीच वर्षं दिली आहेत.

आणि मासा, गांडूळ, शिंपला यांचं काय? त्यांच्या पोटातलं पित्त साबणासारखं काम करतं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की आतड्यासारख्या परिस्थितीत, विशेषतः उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या तापमानाला, प्लास्टिकवरची रसायनं समुद्रपाण्याच्या ३० पटींपर्यंत वेगाने सुटतात. माणसाने पेला बदलला की झालं. ओढ्यातल्या जिवाला दुसरा ओढा नाही. म्हणून मला हा विषय पेल्यापुरता ठेवणं पटत नाही.

निवळी

@तळ्याकाठी, हा प्रतिसाद धाग्यातच असायला हवा होता, मनापासून आभार. भरलेल्या कणाचा मुद्दा पूर्ण मान्य. तिथे कण पाण्याच्या बाजूने रिता होत असतो आणि जितका जाड तितका सावकाश. जाडी दुप्पट झाली की आतून बाहेर यायला चौपट वेळ लागतो. फवारणी थांबल्यावरही ओढ्यात अंश सापडत राहतो, त्यात गाळाच्या बरोबरीने अशा चिंध्यांचाही हात असू शकतो.

माशांबाबत मात्र चित्र एकरंगी नाही. २०१३ मध्ये चेल्सी रॉकमन आणि सहकाऱ्यांनी खाडीत ठेवून रसायनं मुरवलेलं पॉलिथिलीन माशांना खाऊ घातलं, तेव्हा रसायनं माशांत उतरली आणि यकृतावर ताण दिसला. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या बार्ट कूलमान्स यांच्या गटाने उपलब्ध अभ्यास तपासून मांडलं की, निसर्गात मासा जे भक्ष्य खातो आणि जे पाणी कल्ल्यांतून घेतो त्यातून येणारी रसायनं प्लास्टिकमधून येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. दोन्ही खरं असू शकतं. वाहतूक *होते* हे पहिला अभ्यास सांगतो, ती एकूण किती *महत्त्वाची* ते दुसरा. मी दुसऱ्या बाजूला झुकते, पण प्लास्टिकने भरलेल्या शेतालगतच्या ओढ्यासाठी तेच लागू आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आडवाट

मग घरी काय करावं? उकळून प्यायलं तर?

रेणुभार

उकळण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे, म्हणून सविस्तर सांगतो. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की जड पाणी, म्हणजे ज्यात कॅल्शियम जास्त, ते उकळलं की तयार होणाऱ्या चुनखडीच्या पांढऱ्या थरात नॅनोप्लास्टिक अडकतं. पाणी खूप जड असेल तर ९० टक्क्यांपर्यंत. पाणी गार होऊ देऊन गाळून घ्यायचं. मऊ पाण्यात हा फायदा खूपच कमी.

कीटकनाशकांना मात्र हा उपाय लागू नाही. बहुतेक कीटकनाशकं त्या तापमानाला पुरेशी उडून जात नाहीत. उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. त्यांच्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी उपयोगी. अ‍ॅट्राझिन, क्लोरपायरिफॉससारखी ती चांगली धरते, ग्लायफोसेटवर तिची पकड सैल. कोळसा वेळेवर बदलायला हवा. भरलेला कोळसा धरत तर नाहीच, कधी कधी धरलेलं परत सोडतोही.

अनुस्वार

शेवटचा प्रश्न. "अमुक प्लास्टिकने ८० टक्के कीटकनाशक शोषलं" असे शोधनिबंध दर आठवड्याला दिसतात. ते वाचताना काय बघायचं?

निवळी

आधी प्लास्टिक किती घातलं ते बघा. लिटरमध्ये एक ग्रॅम वगैरे असेल तर ते आपण धरलेल्या १० मायक्रोग्रॅमच्या लाखपट झालं. तेवढं प्लास्टिक घातल्यावर ८० टक्के शोषलं जाणं साहजिकच आहे. कीटकनाशकही बरेचदा लिटरमागे मिलिग्रॅमच्या घरात घातलेलं असतं, म्हणजे मर्यादेच्या दहा हजार पट आणि वर, कारण यंत्राला तेवढं सहज मोजता येतं.

मग त्यांनी प्लास्टिक न घालता तसाच एक नमुना ठेवला होता का ते शोधा. तो नसेल तर जे "शोषलं गेलं" त्यातलं किती बाटलीच्या भिंतीवर गेलं, किती गाळणीच्या कागदावर आणि किती आपोआप मोडलं, काहीच सांगता येत नाही. रेणुभार वर म्हणाले तोच भिंतीचा मुद्दा.

आणि सोडण्याचा प्रयोग केला आहे का? धरलेलं किती वेळात आणि कशात परत सुटतं हे मोजलं नसेल तर निबंध अर्धाच आहे. असा एखादा निबंध तुमच्यापाशी असेल तर त्याची पद्धत इथे टाका, रेणुभार आणि मी मिळून बघू.

रेणुभार

नक्की. पद्धतीच्या भागात बाटली काचेची की प्लास्टिकची तेही लिहिलेलं असतं, ते वाक्य तेवढं गाळू नका.